गाठीखालचं झाड

बायको गेली, तरी तिची झारी रोज सकाळी वाजायची.

मिस्त्री गॅसवर चहाचं आधण ठेवायचा, मागचं दार उघडायचा, आणि तेवढ्यात तो आवाज यायचा. आधी पाण्याची सरसर. मग झारी जमिनीवर टेकल्याचा ठप्प. मग तिची पत्र्याची कडी निसटून आपटल्याचा ठण्ण. बायको झारी अशीच टाकायची. हळू ठेव, बूड सुटेल, असं मिस्त्रीनं तिला जन्मभर सांगितलं आणि तिनं जन्मभर ऐकलं नाही.

झारी शेडमध्ये खिळ्याला टांगलेली होती. सुरुवातीला मिस्त्री धावत जाऊन बघायचा. कोरडी ठाक, तोंडावर कोळ्याचं जाळं. पुढे त्यानं बघणं सोडलं. आवाज आला की तो कप घेऊन पर्सिमनच्या झाडापाशी जायचा, उलट्या बादलीवर बसायचा आणि म्हणायचा, "आलीस? बस."

झाड बोलायचं नाही. पण बायकोही सकाळी फारसं बोलायची नाही, त्यामुळे ते खटकायचं नाही.

मिस्त्रीचं काम विटांचं. शाळा, गोदामं, दवाखाने, लोकांची घरं. गावात अशी गल्ली नव्हती जिथं त्याच्या हातचा एखादा कोपरा उभा नव्हता. मदतनिसाला तो एवढंच सांगायचा, "असं कर की पुन्हा इथं यायला लागू नये." भिंत ओळंब्यात नसेल तर कमरेएवढी झालेली उतरवायचा आणि परत चढवायचा. मालक म्हणायचे, राहू द्या, कोणाला दिसतंय? तो म्हणायचा, मला.

बायको शिवणाच्या कारखान्यात होती. डोळे थकले तसं तिनं काम सोडलं आणि सुटीच्या दिवशी निसर्गाच्या कलानं शेती शिकवणाऱ्या पर्माकल्चरच्या वर्गाला जायला लागली. आल्यावर घरामागच्या तुकड्यात तिनं मधोमध पर्सिमन लावलं, टोमॅटोसारखं केशरी फळ येणारं झाड. त्याच्याभोवती लसूण आणि पिवळ्या फुलांचे डॅफोडिलचे कंद यांचं कडं, म्हणजे उंदीर मुळांपर्यंत येत नाहीत. खाली जमिनीवर क्लोव्हरचं तीन पानांचं गवत, ते हवेतलं खत जमिनीत ओढतं. आणि बाहेरून कॉम्फ्रेचं दुसरं कडं. खरखरीत, गाढवाच्या कानाएवढी पानं. त्याची मुळं खोल जाऊन खालचं सत्त्व वर आणतात. पानं कापायची आणि झाडाच्या बुडाशी तिथंच अंथरायची.

मिस्त्रीला यातलं काहीच सरळ दिसायचं नाही.

"ही बाग आहे की भांडून निघून गेलेल्याचं शेत?"

"अहो, तुम्ही विटेवर वीट सांध्यावर सांधा ठेवून रचता का?"

"छे. उभी चीर जाईल."

"मग वरची वीट खालच्या दोघींवर बसवता ना? झाडालाही दोघी-चौघी शेजारणी लागतात."

मग तो खोडाकडे बोट दाखवायचा. जमिनीपासून वीतभर वर खोडाला एक जाड गाठ होती आणि तिच्यावर खोड किंचित कलतं निघालं होतं. मिस्त्रीच्या डोळ्याला ते टोचायचं. "हे ओळंब्यात नाही."

"त्या गाठीला हात लावायचा नाही. सगळं तिथंच आहे."

"सगळं म्हणजे काय?"

"चहा गार होतोय."

झाड फळाला आलं तेव्हा त्यानं पहिलं फळ घाई करून तोडलं आणि चावलं. कडक होतं. तोंडात कोणी कापडाचा बोळा कोंबावा तसं झालं. जीभ टाळूला चिकटली. बायको हसून हसून खाली बसली. मग तिनं बाकीची फळं खिडकीत ओळीनं ठेवली, पिकून पिलपिलीत होईस्तोवर कोणाला हात लावू दिला नाही, आणि एका दुपारी त्याच्या हातात चमचा दिला. "आता खा. आणि दर वेळी ठोकून बघायची सवय सोडा."

पुढच्याच थंडीत ती गेली. दुखणं थोडक्यात आटोपलं. मिस्त्रीला काही धरायलाच मिळालं नाही.

थंडी सरली आणि तिनं लावलेलं सगळं वर आलं. आधी डॅफोडिल, मग लसणाची पात, मग कॉम्फ्रेचे खरखरीत कान. आपली मालकीण गेली याचा त्यांना पत्ताच नव्हता. मिस्त्री दार उघडायचा आणि ते कडं त्याच्याकडे बघत उभं असायचं. एका सकाळी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं कुदळ काढली आणि सगळं कडं खणून काढलं. मुळासकट, ढेकळं फोडून, खोडापर्यंत जमीन उघडी. कडेला दोरी लावून सरळ रेघ मारली.

कुंपण तेव्हा गुडघ्याएवढं होतं. पलीकडे टपालबाई उभी होती. ही शेजारीण. टपाल वाटण्यात तिचा जन्म गेला होता आणि बायकोची ती जिवाभावाची मैत्रीण.

"मिस्त्री, हे काय चालवलंय?"

"साफसफाई."

"तिनं लावलंय ते."

"ठाऊक आहे मला."

"ती असती तर असं केलं असतंत?"

मिस्त्रीनं कुदळ टेकवली. जिभेवर आलं ते बोलून मोकळा झाला. "तुमची टपालाची नोकरी संपली, बाई. आता लोकांच्या घरात मेलेल्यांचे निरोप पोचवू नका."

टपालबाईचा चेहरा पडला. ती आत गेली. मिस्त्रीनं त्याच आठवड्यात विटा मागवल्या आणि कुंपणाच्या जागी डोक्याच्या वर जाईल अशी भिंत घातली. अंग मोडून काम केलं. भिंत उत्तम झाली, एका सांध्यात खोट नाही. तिथून दोन्ही घरांत अबोला बसला.

राहिलं झाड. आजूबाजूला सगळ्यांना पालवी फुटली. पर्सिमन काठीसारखं उघडं. मिस्त्रीनं वाट पाहिली, म्हणजे त्याला जमली तेवढी पाहिली. मग त्यानं आपल्या धंद्याचा उपाय केला. जुना गिलावा पोकळ झाला की मिस्त्री काय करतो? ठोकत जातो. पोकळ वाजेल तेवढं उतरवतो, भक्कम लागलं की थांबतो.

त्यानं शेंडा कापला. आत लाकूड काळं. म्हणजे कुजलं. खाली कापलं, तिथंही मधोमध काळं. आणखी खाली. काळं. कापत कापत तो गाठीपाशी आला. गाठीच्या वर काळी रेघ होतीच. त्यानं करवत गाठीखाली लावली. तिथं लाकूड पांढुरकं निघालं, स्वच्छ, ओलं. भक्कम लागलं. जाता जाता ती वाकडी गाठही गेली, हे त्याला बरंच वाटलं. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदा त्या दिवशी पोटभर जेवला.

बुंध्यातून धुमारे फुटले. मिस्त्रीनं त्यातला एक दणकट ठेवला, बाकीचे खुडले, खुंटी रोवून बांधला, ओळंबा लावला. धुमारा नाकासमोर सरळ वर गेला. आणि त्याच दिवसांत कधीतरी, मागचं दार उघडताना, त्याला ती झारी पहिल्यांदा ऐकू आली.

त्याच्या हातातून चमचा पडला. तो बागेत गेला. कोणी नव्हतं. नवी भिंत, नवा धुमारा. आवाज झाडाकडूनच आला होता, यात शंका नव्हती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय गं?"

कडंही परत आलं. कॉम्फ्रेचं मूळ कुदळीनं तुटलं की मरत नाही; जेवढे तुकडे, तेवढी रोपं. मिस्त्रीनं ढेकळं फोडून त्याचे शेकड्यानं तुकडे केले होते. जिथं तिनं लावलं होतं तिथंच, त्याच गोलात, आधीपेक्षा दाट उगवलं. त्यानं पुन्हा खणलं. पुन्हा उगवलं, त्याहून दाट. तिसऱ्यांदा खणायला वाकला आणि त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं कुदळ शेडमध्ये नेऊन ठेवली आणि परत काढली नाही.

वर्षं गेली. थंडीचे महिने सोडले तर झारी रोज वाजायची. मिस्त्री रोज बादलीवर बसायचा. लेकीची बदली झाली, गुडघा दुखतो, समोरच्या दुकानदारानं रंग काय भयानक दिलाय, सगळं तो झाडाला सांगायचा. झाड भिंतीच्या वर गेलं. सुतात सरळ. मिस्त्रीच्या हातून असं झाड होईल असं कोणाला वाटलं नसतं. फक्त फळ धरत नव्हतं. "रुसलीयेस," तो म्हणायचा. "बरं. तुझं चालू दे."

लेक बस चालवायची. पानगळीच्या दिवसांत ती एका दुपारी आली, गणवेशातच. चहा झाला आणि तिनं पिशवीतून एक फळ काढलं. केशरी, पिलपिलीत, साल पारदर्शक झालेली. चमचा घेऊन खायला लागली. दुसऱ्या घासाला तिचे डोळे भरले.

"काय झालं गं?"

"तीच चव आहे, बाबा. अगदी तीच. आई खिडकीत ठेवायची ती."

"कुठून आणलंस?"

लेक चमचा चाटत राहिली. मिस्त्रीनं परत विचारलं.

"टपालमावशींनी दिलं. माझ्याच बसमध्ये होत्या." ती थांबली. "आईच्या झाडाचं आहे, म्हणाल्या."

"आईचं झाड आपल्याकडे आहे."

"बाबा, ओरडू नका. त्या म्हणाल्या, ते आईचं नाहीये."

मिस्त्री उठला. चपला घातल्या की नाही हेही त्याला कळलं नाही. गल्लीतून वळसा घालून तो टपालबाईच्या फाटकाशी गेला. भांडायला गेला होता. शब्दही तयार होते.

टपालबाई मागच्या अंगणात होती. भिंतीला लागून, त्याच्या भिंतीच्या पलीकडच्या अंगाला, एक बेताचं झाड उभं होतं. पानं गळून गेलेली, आणि उघड्या फांद्यांवर केशरी फळं, दिवसाढवळ्या दिवे लावल्यासारखी. बुडाशी लसूण, क्लोव्हर, कॉम्फ्रे. जमिनीपासून वीतभर वर एक जाड गाठ.

टपालबाईनं त्याला पाहिलं आणि हातातली झारी खाली ठेवली.

ठप्प. ठण्ण.

मिस्त्रीनं भिंतीला हात टेकला.

"ही झारी..."

"आम्ही दोघींनी मिळून घेतल्या होत्या. एकाच दुकानातून, एकाच दिवशी. दोन्हींची कडी तसलीच निघाली." टपालबाईनं पदराला हात पुसले. "तुम्ही कामावर असायचात तेव्हा आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना पाणी घालायचो. मी अजून घालते. बसा, मिस्त्री, पडाल."

तो पायरीवर बसला. टपालबाईनं आपल्या झाडाचं गळलेलं पान उचललं आणि भिंतीवरून तिच्याकडे उडून आलेलं त्याच्या झाडाचं पान शेजारी ठेवलं. एक रुंद, तळहाताएवढं. दुसरं अरुंद, लांबट. दाखवायला लागू नये एवढा फरक.

"गाठीखाली खुंट असतो," ती म्हणाली. "रानटी. थंडी सोसणारा. गाठीच्या वर कलम, खाण्याजोग्या फळाचं. तिनं त्यातलीच एक काडी मला या खुंटावर बांधून दिली होती, जायच्या आदल्या वर्षी. तुम्ही गाठीखाली कापलंत. वर वाढलंय तो खुंट आहे."

"आतून कुजलं होतं. काळं होतं."

"पर्सिमनचं लाकूड आत काळंच पडतं."

"पालवी फुटली नव्हती."

"ती सगळ्यांच्या शेवटी फुटते त्याला. ती सांगायची, हे झाड उशिरा उठतं, हलवून जागं करायचं नाही."

मिस्त्री आपल्या हातांकडे बघत राहिला. म्हणजे झाड जिवंत होतं. करवत चालली तेव्हा जिवंत होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"भिंत काय मी घातली?" टपालबाई फणकारली. मग आवाज उतरला. "झाड भिंतीवर आलं तेव्हा पानं दिसली. सांगायला फाटकापर्यंत आलेही होते. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात. मी परत फिरले."

मग मिस्त्रीनं विचारलं, "मी मग इतकी वर्षं बोलत कोणाशी होतो?"

"खुंटाशी."

मिस्त्री हसला की काय झालं त्याला, सांगता येणार नाही. आवाज मात्र हसल्यासारखा निघाला.

"तो खुंटही तिनंच लावलाय," टपालबाई म्हणाली. "मुळं तिच्या हातची आहेत. नवी काडी बांधली तर धरेल. पण पर्सिमन फार नखरेल. सुरीचा एकच काप. दुसऱ्यांदा फिरवली की वाया. मी बांधून देऊ?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "मी तोडलंय."

त्यानंतर त्याची सकाळ मोडली. झारी वाजायची आणि आता त्याला ती बरोबर जिथून यायची तिथून ऐकू यायची: भिंतीपलीकडून, जमिनीलगत, एका म्हाताऱ्या बाईच्या हातून. तो दाराशीच उभा राहायचा. बागेत समोर त्यानं वाढवलेलं सरळ झाड होतं आणि त्याच्यात कोणी नव्हतं. घरात पहिल्यांदाच खरंखुरं कोणी नव्हतं. मग थंडी पडली आणि तो आवाजही बंद झाला.

त्या थंडीत मिस्त्री काप शिकला. छाटलेल्या डहाळ्या गोळा करून तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायचा. सुरी दगडावर लावायची, मनगटाच्या केसांवर चालवून बघायची, आणि डहाळीला पाचरीसारखे दोन काप द्यायचे. एका ओढीत एक. काप खिडकीच्या काचेला टेकवून बघायचा. खालून उजेड आला तर काप वाकडा. उजेड यायचा. तो डहाळी फेकून दुसरी घ्यायचा. जमीन भरून जायची. पाठ धरायची. विटेचा सांधा दोन बोटं चुकला तर चुना भरता येतो. इथं भरायला काही नव्हतं. साल सालीला भिडायला हवी, नाही तर मेलेलं मेलेलंच राहणार.

कळ्या झोपलेल्या असताना टपालबाईनं काड्या कापून दिल्या. त्यानं त्या ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवल्या. लेक आली, दूध काढताना म्हणाली, "बाबा, हे काय?"

"आई," असं तो बोलून गेला. मग म्हणाला, "काड्या आहेत. दार लाव."

उन्हं तापली. खुंटाला पालवी फुटली, तेव्हा टपालबाई इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्याच्या अंगणात आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मिस्त्रीनं ते सरळसोट झाड कमरेच्या उंचीवर कापलं. त्याला वाढवायला लागली होती ती सगळी वर्षं एका बाजूला आडवी झाली. लाकूड आत नुकतं काळं पडायला लागलं होतं.

"ती खालची फांदी राहू द्या," टपालबाई म्हणाली. "सगळं उतरवलंत तर खुंट गुदमरतो. कलम धरलं की मग कापा."

त्यानं बुंध्याला चीर दिली, दोन बाजूंना दोन काड्या बसवल्या, पट्टी आवळली, वर मेण लावलं. ओळंबा लावला नाही. मग कॉम्फ्रेची पानं विळ्यानं कापली आणि बुडाशी अंथरली, ती अंथरायची तशी, खोडापासून जरा दूर.

"आता?"

"आता काही नाही. हात लावायचा नाही."

हेच अवघड होतं. खालची फांदी हिरवीगार झाली. काड्या तशाच, खिळे ठोकल्यासारख्या. मिस्त्रीच्या नखांना खाज सुटायची. जरा साल खरवडली तर खाली हिरवं आहे का काळं, लगेच कळलं असतं. सगळ्या जन्माची सवय होती ती. तो हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, आणि तरी कळत नव्हतं की आपण वाट बघतोय की राखण करतोय.

पलीकडे झारी परत वाजायला लागली होती. एका सकाळी ती वाजायच्या आधीच त्याला दिसलं. एक काडी काळी पडून सुरकुतली होती. दुसरीच्या टोकाशी मेण फुटलं होतं आणि फटीतून काहीतरी पोपटी, ओलसर, गव्हाच्या दाण्याएवढं बाहेर आलं होतं. त्यानं हात लावला नाही. खाली वाकून पाहिलं, श्वास लागू नये म्हणून तोंडावर हात धरून.

खालची फांदी आता कापायला हवी होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं. अरुंद, लांबट पानं. सगळं ऐकून घेतलेली. "तू राहा," तो म्हणाला.

मग तो शेडमध्ये गेला, खिळ्यावरची झारी काढली, जाळं पुसलं, नळाखाली भरली. बूड सुटलं नव्हतं. झाडाच्या बुडाशी हळूहळू पाणी घातलं. संपल्यावर झारी जपून खाली टेकवायला वाकला, आणि मग तशी न टेकवता सोडून दिली.

ठप्प. ठण्ण.

भिंतीपलीकडे पाण्याची सरसर चालू होती, ती एकदम थांबली. मिस्त्री ओल्या हातांनी तसाच उभा होता.

"कोण?" पलीकडून टपालबाईनं विचारलं. तो तिचा नेहमीचा आवाज नव्हता. बारीक होता, घाबरलेला होता, आणि त्यात काहीतरी आशेसारखंही होतं. "कोण आहे तिकडं?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला.